मुक्ताचं दुसरं बारसं

रामघाट, काशी
१८ नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. रामघाटाहून अस्सीला नावेने पाऊण तास लागतो आणि पोस्टाने चार दिवस, तरी मी पोस्टानेच लिहिते आहे. तू गेल्यावर मी तुझ्याशी चोरून फोनवर बोलते हे अण्णांना कळलं आणि माझा फोन त्यांनी आपल्या कपाटात ठेवला, आणि आईच्या फोनला हात लावायचा नाही असं बजावलं. मी विचारलं की मग मुक्ताची खुशाली कशी कळायची. ते म्हणाले की पत्र लिही, पण टाकण्याआधी मला वाचून दाखव, आणि तिचं येईल तेही. मोतीबिंदूमुळे त्यांना आता अक्षर अजिबात लागत नाही, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते देवघरात जाऊन बसतात. तेव्हा हे पत्र तुझ्याआधी त्यांनी ऐकलेलं असेल. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी तुला फसवलं असं व्हायला नको.

तू घर सोडलंस त्याला अडीच महिने झाले. त्या दिवशी अण्णा म्हणाले होते की सिनेमात नाचणारी मुलगी माझी नव्हे, आणि तू म्हणालीस की नाचायचं नाहीये, नाव वल्हवायची आहे. त्यावर ते म्हणाले की ते तर आणखी वाईट. (हे वाक्य ऐकताना अण्णांनी मान हलवली आहे. म्हणजे मला बरोबर आठवतं.) आई बरी आहे. काल तुझ्या आवडीचा, दुधाच्या फेसाचा मलइयो विकणारा गल्लीतून हाक देत गेला. आई उठून दारापर्यंत गेली आणि काही न घेता परत आली.

आता खरी बातमी. तुमचे दिग्दर्शक ऋतुराज परवा घरी येऊन गेले. त्यांनी सांगितलं की सिनेमातली ती मुलगी घर सोडून नावेवर राहायला जाते तेव्हा तिचा बाप घाटावर बसून तिच्या नावाने पिंड देतो, जिवंत मुलीला. बापाचं काम करणाऱ्या नटाला मंत्र येत नाहीत, म्हणून तेवढ्यापुरते एखादे शास्त्री हवेत, चेहरा नीटसा दिसणार नाही. मला वाटलं आता अण्णा त्यांना पायऱ्यांवरून ढकलून देतील. पण अण्णा म्हणाले की मी येईन. मी केलं तर नीटच करीन, असंही म्हणाले. मुक्ता, माझा विश्वासच बसेना. तू असलेल्या ठिकाणी ते आपल्या पायांनी येणार आहेत! आईने संध्याकाळी देवापुढे जास्तीचं निरांजन लावलं.

माझ्यामागे मात्र एक काम लागलं आहे. संकल्पात त्या मुलीचं नाव आणि गोत्र लागतं. ऋतुराज म्हणाले की काहीही टाका. काहीही कसं टाकायचं? मी एक नाव लिहिलं, मग वाटलं की या नावाची आणि या गोत्राची मुलगी कुठेतरी खरोखर असेल आणि तिला हे पाणी पोचेल. दोन दिवस मी नावं खोडते आहे. शेवटी कुठल्याही यादीत नसलेलं गोत्र रचलं आणि चिठ्ठी अण्णांच्या पिशवीत ठेवली. यवाचं पीठ, काळे तीळ, दर्भ हे सगळं मीच बांधून देणार आहे.

थंडी पडू लागली आहे. पाण्यावर असतेस, कान बांधत जा. आणि मनात माझ्यासाठी जी जागा आहे ती दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

तुझी,
शरदिनी

*

अस्सी, वाराणसी
२९ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.
अण्णा ऐकत असतील तर त्यांनाही, चालत असेल तर.

मी कुठे होते ते तुला माहीत नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. शिंदे घाटासमोर मधल्या धारेत नावेत मी एकटी होते. मला पैलतीराच्या रेतीकडे वल्हवत जायचं होतं, इशारा मिळेपर्यंत मागे वळून न बघता. अण्णांच्या उपरण्याला माइक लावला होता आणि मला नेमकं कधी वळायचं ते कळावं म्हणून माझ्या कानात त्याचं यंत्र होतं. सिनेमातले बाबा घाटावर शाल पांघरून कचौडी खात बसले होते, आणि त्यांना ग्लिसरीन लावल्यामुळे ते रडत रडत खात होते. मी हसू दाबत होते. सच्ची, मला त्या वेळी हसू येत होतं.

मग कानात अण्णांचा आवाज आला. लहानपणी मांडीवर बसून ऐकायचो तसा, इतका जवळ. आधी आपलं गोत्र आलं. मला वाटलं सवयीने चुकले. मग माझं नाव आलं. मग त्यांनी ते पुन्हा घेतलं, आणि तिसऱ्यांदा, प्रत्येक पिंडाला. ताई, ते किती स्वच्छ म्हणतात ना? एकही अक्षर पडत नाही.

माझ्या हातून एक वल्हं सुटलं. मी वळले आणि काय केलं ते मला आठवत नाही. ऋतुराज सांगतो की मी तोंड उघडून नुसती बघत होते आणि आवाज बराच उशिरा आला. त्याने कॅमेरा थांबवला नाही. घाटावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. युनिटमध्ये कोणाला आपलं गोत्र माहीत नाही, आणि मंत्रांच्या ओघात माझं नाव कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यांना वाटलं की पोरीने काय जबरदस्त काम केलं. मग कोणीतरी अण्णांना म्हणालं की पंडितजी, एक बार और. अण्णा म्हणाले की पिंड दोनदा देत नाहीत. त्यांनी गंगेत बुडी मारली आणि ओल्या अंगाने पायऱ्या चढून गेले. नावेकडे पाहिलंही नाही.

ताई, तू त्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतंस? मला तेवढं एकच सांग.

शूटिंग जानेवारीत संपेल. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती त्यांनी ऐकली तरी चालेल. मला फक्त जाऊन यायचं होतं. कायमचं जायचं नव्हतं. मला वाटलं महिनाभर ओरडतील, मग आई मध्ये पडेल, मग मी एक दिवस पायऱ्या चढून येईन आणि तू दार उघडशील. मला घरी यायचं आहे, ताई. या हॉस्टेलच्या खोलीत खिडकी नाही.

रागावलीस तर रागाव, गप्प बसू नकोस.

तुझी,
मुक्ता

*

रामघाट, काशी
७ डिसेंबर

चि. मुक्ता हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. एक शब्दही गाळला नाही. गाळावासा वाटला, पण एकदा गाळायला लागलं की मग कुठे थांबायचं ते मला कळलं नसतं.

चिठ्ठीवर तुझं नाव नव्हतं. देवाशपथ नव्हतं. घाटावरून अण्णा परत आले तेव्हा ती पिशवीत घडी न मोडलेली होती. ती मी दुसऱ्या दिवशी चुलीत घातली.

तू विचारलं नाहीस तरी घरात काय झालं ते सांगते, कारण ते तुझ्याच बाबतीतलं आहे. अण्णांनी आल्या आल्या आईला आणि मला न्हायला सांगितलं. आईने विचारलं की कोणाचं. त्यांनी सांगितलं. आई न्हायली. त्या दिवशी चूल पेटली नाही. समोरच्या आनंदीकाकूंनी खिचडी आणून दिली तर अण्णा त्यांना म्हणाले की बरोबर, आज शेजाऱ्यांनीच द्यायचं असतं. तुझं नाव घातलेलं ताट त्यांनी मोडीत दिलं. तुझी गादी घाटावर एका म्हातारीला दिली. ते रागावलेले नव्हते, मुक्ता. रागावलेले असते तर मला एवढी भीती वाटली नसती. प्रत्येक गोष्ट त्यांनी तिच्या तिच्या वेळेला, नीट केली.

चौथ्या दिवशी आईने एकदाच विचारलं की मग अस्सीला जी राहते आहे ती कोण. अण्णा म्हणाले की असेल कोणीतरी.

तुझ्या पत्रात तुझा आवाज उशिरा फुटल्याचं आलं तेव्हा त्यांनी मला थांबवून विचारलं की पुष्कळ रडली का. मी म्हटलं तसं दिसतं. ते म्हणाले की हे चांगलं झालं, तिलांजली देताना कोणीतरी रडायला हवं होतं, आपल्या घरून कोणी नव्हतं. हे मी तुला लिहिते आहे हे त्यांना आत्ता ऐकू जातं आहे. त्यांनी लिहू नको म्हटलेलं नाही.

आता नीट वाच. मी रोज दुपारी त्यांना पोथी वाचून दाखवते, तशी या आठवड्यात मुद्दाम धर्मशास्त्राच्या जुन्या पोथ्या काढल्या. आपण दोघी दहा वर्षांच्या होईपर्यंत शाळेत गेलो नाही, त्यांच्यासमोर बसून शिकलो, त्याचा मला पहिल्यांदा उपयोग झाला. त्यांच्यावर राग काढून, रडून काही होणार नाही. त्यांना वचन दाखवायला हवं, शास्त्रातलं. आणि ते सापडलं. माणूस मेला असं समजून त्याचं सगळं केलं आणि नंतर तो जिवंत परत आला, तर त्याला तुपाने भिजवून न्हाऊ घालावं आणि जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करावेत, म्हणजे तो नव्याने जन्मला. मी नेहमीच्या आवाजात वाचलं. पान उलटायच्या आधी ते म्हणाले की पुन्हा वाच. मी वाचलं. त्याला दोन दिवस झाले. आज सकाळी म्हणाले की वचन आहे खरं.

पौषात असलं काही करत नाहीत, तेव्हा धीर धर. मी वाट शोधली आहे. तू फक्त तिच्यावरून चालत ये.

आईने काही सांगितलेलं नाही, पण ती पत्राला हात लावून गेली. तिचंही पोचलं असं समज. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शरदिनी

*

रामघाट, काशीक्षेत्र
पौष वद्य पंचमी

मुक्ता या नावाने पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या मुलीस,

नरहरशास्त्री यांजकडून कळवण्यात येते की शास्त्रात वचन असल्यामुळे, आणि केवळ त्यामुळे, तुला या घरात घेता येईल. माया, दया, आईचे अश्रू ही कारणे नव्हेत. कोणी तसे सांगितल्यास खरे मानू नये.

माघ शुद्ध दशमीला सूर्योदयापूर्वी एकवस्त्राने यावे. अंगावर दागिना, घड्याळ, फोन असू नये. तूप व पाणी यांनी स्नान होईल. पुढे जातकर्म, नामकरण व राहिलेले संस्कार एकाच दिवशी उरकले जातील. मुलींचे संस्कार मंत्रावाचून असल्याने वेळ लागणार नाही.

नाव गंगा ठेवले जाईल. पूर्वीचे नाव या घरात उच्चारले जाणार नाही. पूर्वीच्या वीस वर्षांत जे जे झाले ते त्या मुलीचे होते. तिचे दर वर्षीचे श्राद्ध मी करीन, त्या दिवशी तूही जेवायला बसशील.

नवजात बालकाला मत नसते. तेव्हा त्या दिवशी काही विचारू नये, सांगू नये.

विद्यापीठाची परीक्षा राहिली असल्यास तोपर्यंत हॉस्टेलात राहण्यास हरकत नाही. दर आठवड्यास पत्र यावे. सिनेमाशी संबंध नसावा.

कळावे, इतकेच.

नरहरशास्त्री
लेखनिक, शरदिनी

*

अस्सी, वाराणसी
२५ जानेवारी

ती. ताईस,
कोणाचा ते अजून ठरलेलं नाही, पण सा. न. वि. वि.

अण्णांचं पत्र तुझ्या अक्षरात आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी पळत जिना उतरले आणि उभ्या उभ्या तिथेच उघडलं. तुझा ल किती सुंदर येतो गं. ‘अश्रू ही कारणे नव्हेत’ यातला णही चांगला आला आहे. लिहिताना हात एकदाही थांबला नाही का तुझा?

गंगा म्हणे. ज्या पाण्यात मला सोडून दिलं त्याचंच नाव. नोव्हेंबरात मेले, माघात जन्मते, हॉस्टेलच्या मावशी म्हणतात की मी फार धावपळ करते. आणि ताई, वीस वर्षांची मुलगी जन्माला घालायची तर तूप किती लागेल? डबे आणून ठेव, नाहीतर अर्धीच जन्मेन.

मजाक सोड. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते फाडणार होते. दोन दिवस ते उशीखाली होतं. मग मी ते एका माणसाला वाचून दाखवलं आणि त्याच्याशी बोलल्यावर मला वेगळं दिसायला लागलं. येते मी. सांगितलंय तसं, एका वस्त्राने, घड्याळ काढून. काही विचारणार नाही आणि काही सांगणार नाही. अण्णांना सांग की बालक आज्ञेत आहे.

तू माझ्याजवळ बसशील ना? तेवढं वचन दे, मग मला काही नको.

तुझी,
जी कोणी असेन ती

*

रामघाट, काशी
१० फेब्रुवारी

चि. गंगा हिस,
ताईचे अनेक अनेक आशीर्वाद.

वरचं नाव लिहिताना तीनदा थांबले. सवय होईल.

तू दशमीच्या संध्याकाळीच निघालीस, म्हणून मागे काय झालं ते तुला कळलं नाही. तू घाट उतरेपर्यंत अण्णा दारात उभे होते. त्यांना दिसत तर काही नव्हतं. त्यांनी मला विचारलं की नावेत बसली का, नाव सुटली का, थंडीचं काही पांघरलं आहे का. तुझ्या जिभेला लावताना मध आणि तूप त्यांच्या हातून तुझ्या हनुवटीवर सांडलं ते तू पाहिलंस? आयुष्यभर मी त्यांचा हात पाहते आहे, आचमनाचं पाणी कधी हललं नाही. पाळण्यात तू मावणार नव्हतीस म्हणून दोरी हातात धरायला दिली, आणि ते तुझ्या कानाशी वाकून नाव सांगायला गेले, तेव्हा आईला हुंदका आला आणि मलाही. मी कधी अशी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि एक झबलं घेऊन आले. खरंच, लहान मुलीचं. आईने विचारलं की याचं काय करायचं. ते ओशाळले आणि म्हणाले की दुकानदाराने गळ्यात मारलं. ते झबलं त्यांच्या उशाशी आहे. दशाश्वमेधावर भेटेल त्याला ते सांगतात की आमच्याकडे मुलगी झाली. लोक त्यांच्या वयाकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी खाली बघते. पण मला आनंद होतो.

मी त्यांना ओळखत नव्हते, असं मला आता वाटतं. त्यांना तुझ्यावर माया करायला परवानगी हवी होती, आणि ती पोथीने दिली.

परीक्षा झाली की ये. तुझ्यासाठी नवी गादी शिवायला टाकली आहे. तोवर आमची आठवण उन्हात ठेव, तिला ओल लागू देऊ नकोस.

तुझी,
शरदिनी

*

अस्सी, वाराणसी
२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र अण्णांना वाचू नकोस. आजवर तू एक शब्द गाळला नाहीस हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगते. त्यांच्यासमोर कागद धर आणि दुसरंच काहीतरी वाच. परीक्षा, थंडी, हॉस्टेलची डाळ. दोन ओळी मनाने घाल. तुला येईल.

माझ्या बारशाच्या दिवशी आनंदीकाकूंच्या छतावर ऋतुराज होता. कॅमेरा घेऊन. काकूंना त्याने सांगितलं होतं की जुन्या काशीची सकाळ टिपायची आहे. तिथून आपला चौक पूर्ण दिसतो, तुला ठाऊक आहे, आपण तिथूनच पतंग उडवायचो. आवाजासाठी माझ्या वेणीत माइक होता. तूप लागून तो बिघडेल अशी भीती होती, पण नाही बिघडला.

रागावण्याआधी ऐकून घे. ज्याला मी अण्णांचं पत्र वाचून दाखवलं तो ऋतुराज होता. मी हसत हसत वाचत होते, तो हसला नाही. तो म्हणाला की सिनेमाला शेवट नव्हता, आता आहे. आधीच्या शेवटात मुलगी पैलतीराला जाते आणि बस, नदी दिसत राहते. असे शेवट सगळेच करतात. पण बाप मुलीला मारतो आणि मग पोथी बघून पुन्हा जन्माला घालतो, हे कोण लिहू शकेल? ताई, मी तुकडा पाहिला. अण्णा माझ्या कानाशी वाकतात तिथे युनिटमधले दोघं जण रडले. आणि तू. ऋतुराज म्हणतो की ताई म्हणजे त्या दृश्याची जान आहे, असं रडणं पैसे देऊन मिळत नाही.

सोबत तीन कागद आहेत, चेहरा दाखवायची संमती म्हणून. एक तुझा, एक आईचा, एक अण्णांचा. आईला सांग की हॉस्टेलचा कागद आहे, ती वाचत बसणार नाही. अण्णा तर तू बोट ठेवशील तिथे सही करतात, यजमानांच्या कागदांवर रोज करतात. एका मिनिटाचं काम आहे. या तीन सह्या नसल्या तर तो तुकडा वापरता येणार नाही, आणि तो नसला तर सिनेमात माझं असं काही उरत नाही.

तुला हे वाईट वाटेल, पण मला विचारून का त्यांनी माझे पिंड दिले? कॅमेऱ्यासमोर त्यांनी मला मारलं, कॅमेऱ्यासमोरच मी जन्मले. हिशेब बरोबर झाला. सिनेमा येईपर्यंत एक वर्ष जाईल. अण्णा सिनेमा बघत नाहीत आणि त्यांना दिसतही नाही. मी परीक्षा झाली की घरी येते, गंगा तर गंगा. दोन्ही होऊ शकतं, ताई. फक्त तू मनावर घेतलंस तर.

माझ्यासाठी एवढं कर, पुन्हा कधी मागणार नाही.

तुझी,
मुक्ता

*

रामघाट, काशी
८ मार्च

मुक्ता,

हे पत्र अण्णांना वाचून दाखवलेलं नाही आणि त्यांनी लिहायला सांगितलेलंही नाही. मी आयुष्यात प्रथमच कोणाला न विचारता लिहिते आहे, म्हणून अक्षर वाईट आलं आहे.

तिन्ही कागद परत पाठवते. आईच्या आणि अण्णांच्या कागदावर सही नाही. माझ्या कागदावर मी लिहिलं आहे की संमती नाही, आणि खाली सही केली आहे. तसंच एक पत्र ऋतुराजांना वेगळं टाकलं आहे, त्यात लिहिलं आहे की तो तुकडा कुठेही दाखवला तर मी वकील करीन. आनंदीकाकूंचे जावई वकील आहेत, त्यांच्याकडून मसुदा तपासून घेतला. तेव्हा तुझ्या सिनेमाचा शेवट नदीचाच करावा लागेल. नदी चांगली दिसते.

तू लिहिलंस की हिशेब बरोबर झाला. तो झाला नाही. अण्णांनी तुझं नाव मोठ्याने घेतलं, तू ऐकत असताना. तू आमचं रडणं वेणीत लपवून नेलंस.

पण मला तुझ्याहून चांगलं म्हणवून घ्यायचं नाही, कारण ते खोटं होईल. तुला एक सांगायचं राहिलं आहे. त्या पहाटे, शूटिंगच्या दिवशी, अण्णांनी माझ्याकडून चिठ्ठी वाचून घेतली आणि पुन्हा घडी करून पिशवीत टाकायला सांगितली. ते म्हणाले की खोट्या गोत्राला दिलेलं पाणी कुठे जाणार. मग न्हाताना ते संकल्प घोकत होते आणि मी बाहेर तीळ निवडत होते. तुझं नाव मला स्पष्ट ऐकू आलं. आईचा फोन फडताळावर होता. तुला कळवायला पुष्कळ वेळ होता. मी तीळ निवडून पूर्ण केले, त्यातले खडे काढले, पुडी बांधली. मुक्ता, मला त्या वेळी बरं वाटलं. पंचवीस वर्षं मी सगळं ऐकलं, आणि घरात बोलणं मात्र नेहमी तुझंच चालायचं, तू काय मोडलंस, तू कधी परत येणार, तू जेवलीस की नाही. मला वाटलं की आता एक दिवस तरी ते संपेल. पोथीतली वाट मी तुझ्यासाठी शोधली असं तुला वाटलं. मी ती या पापाच्या प्रायश्चित्तासाठी शोधली.

तू सांगितलंस तसं केलं. तुझं पत्र समोर धरलं आणि मनाने वाचलं. डाळ, थंडी, परीक्षा. मला वाटलं होतं की माझी जीभ अडखळेल. अडखळली नाही. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं, आणि दुसऱ्यांदा तेच शब्द यायला हवेत म्हणून मला घाम फुटला. नंतर मी ते सगळं कागदावर उतरवून ठेवलं. आई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. तिला सगळं कळलं असणार. ती अण्णांना सांगणार नाही.

तेव्हा तू आता लिहू नकोस आणि येऊही नकोस. आलीस तर अण्णा तुझ्या पत्रांबद्दल बोलतील, आणि ती तू लिहिलेली नसतील. गंगा फार चांगली लिहिते. दर आठवड्याला लिहिते, वेळेवर. परीक्षेनंतर तिला लांब कुठेतरी नोकरी लागेल, संस्कृत शिकवण्याची, आणि तिथून ती लिहीत राहील. हे फसवणंच आहे, मला कळतं. ते तूच शिकवलंस आणि मला जमलं. अण्णांना ज्या मुलीचं झबलं उशाशी लागतं ती मुलगी मी त्यांना देणार आहे. तू ती कधी झाली नसतीस.

पुढचं पत्र आज दुपारी वाचायचं आहे. त्याची नक्कल सोबत जोडते. तुझ्या नावाने काय काय जातं ते तुला माहीत असावं, एवढ्याचसाठी.

मायेबद्दल काही लिहीत नाही.

शरदिनी

*

(नक्कल)

अस्सी, वाराणसी
४ मार्च

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी,
बालिका गंगा हिचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपला आशीर्वाद पोचला. अभ्यास ठीक चालला आहे. रोज पहाटे उठते आणि आपण शिकवलेलं म्हणते, अजून कुठे कुठे अडते, पण म्हणते. नदीकडे जात नाही. नावेत बसत नाही. जुन्या ओळखी सुटल्या आहेत आणि त्यांची आठवणही होत नाही.

इथे जेवण बरं असतं, फक्त डाळ पातळ. आईने काळजी करू नये. आपण ऑपरेशन करून घ्यावं असं मला फार वाटतं, पण आपली इच्छा नसेल तर पुन्हा म्हणणार नाही.

अण्णा, एक मागणं आहे. लहान आहे म्हणून मागते. आपल्याला पत्र वाचून दाखवणारी, आपली पत्रं लिहिणारी, तीळ निवडणारी जी घरात आहे, तिला आपण कधी काही म्हणत नाही. ती चुकली तरच म्हणता. हे पत्र वाचून संपेल तेव्हा ती समोर बसलेली असेल. तिच्या डोक्यावर एकदा हात ठेवा आणि बरं केलंस म्हणा. ती विचारणार नाही, म्हणून मी विचारते.

आपल्या पायांशी थोडी जागा या मुलीसाठी राखून ठेवावी.

आपली आज्ञाधारक,
गंगा